मॅन्युअल वगळून

मास्तरांनी लॅपटॉप कात्रीसमोर सरकवला आणि पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ कोणी घातली?"

"मी," मान वर न करता ती म्हणाली.

ऑफिसात तिला कात्री म्हणत, कारण लिनक्सच्या इमेजमधून, म्हणजे मशीनच्या तयार साच्यातून, नको ते छाटणं हेच तिचं काम. क्लाउडवरची हजारो मशीनं या एकाच साच्यातून उभी राहणार. साचा जेवढा आटोपशीर, तेवढी ती झटपट सुरू होणार. परवापर्यंत मास्तरांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मग तिने मॅन्युअल छाटलं. अकरा वर्षं रक्त आटवून मास्तरांनी एकट्याने लिहिलेलं मॅन्युअल, आणि ते घालवायला तिला एक ओळ पुरली. तेव्हापासून ते हात धुऊन तिच्या मागे लागले होते. आज त्यांना हवं ते सापडलं होतं.

"मॅडम, बघा," टेबलाच्या टोकाला बसलेल्या प्रमुखबाईंना ते म्हणाले. "मॅन्युअलबरोबर हिने परवानेही उडवले. ज्यांचे प्रोग्रॅम आपण वापरतो, त्यांच्या परवान्याची प्रत इमेजमध्ये ठेवावीच लागते. हे असंच बाहेर गेलं असतं तर कोर्टाची पायरी चढलो असतो."

"खरं आहे?" मॅडमनी विचारलं.

"खरं आहे. लगेच दुरुस्त करते."

"चूक दुरुस्त होईल हो, सवयीचं काय?" मास्तरांना चेव चढला. "न वाचता सपासप कापत सुटायचं! मॅन्युअल परत आत घाला, मॅडम. निदान चार लोक वाचून काम करतील."

कात्रीने लॅपटॉपवर मॅन्युअलचं एक पान उघडलं आणि तो फक्त मास्तरांना दिसेल असा वळवला.

पान एकशे बारा. 'अनावश्यक फायली कशा वगळाव्यात.' खाली उदाहरणाची ओळ. कात्रीने घातलेली तीच ओळ, अक्षर न् अक्षर. परवाने तेवढे राखून ठेवा, हे तिथे लिहायचंच राहून गेलं होतं. लिहिणारे मास्तरच.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याआधी क्षणभर त्यांना चक्क आनंद झाला होता. एकशे बारावं पान कोणीतरी वाचलं होतं! आणि वाचलं कोणी, तर या बयेने. त्या आनंदाचीच त्यांना जास्त चीड आली.

"मग घालू मॅन्युअल परत?" कात्रीने गोड आवाजात विचारलं. "मॅडम एकदा नजरेखालून घालतीलच. आत जाणारं प्रत्येक पान त्या स्वतः तपासतात."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

"द्या इकडे. बघू तरी काय आहे."

मास्तरांनी लॅपटॉप मिटला. त्यावर दोन्ही हात ठेवले.

"राहू दे, मॅडम," ते म्हणाले. "कोणी वाचत नाही ते."