हॉलिसच्या पायाखालची पेटी

“हात धरा, रिंगण करा, डावीकडून वळा, ज्याला कुणी मिळालं नाही, त्याने मला कळवा!”

ही हाक मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझं तोंड खाली आणि बूड वर होतं. मित्रांनो, मी सफरचंदांची एक जुनी लाकडी पेटी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका बागेत पाइनच्या फळ्या ठोकून मला बनवलं. पाच हंगाम मी सफरचंदं वाहिली; त्यांचा वास अजून माझ्या फटींत आहे. मग एका शनिवारी बागेत काम करणारा हॉलिस प्रुइट गावच्या सभागृहात नाच सांगायला उभा राहिला. हॉलिस बुटका. पुढच्या जोड्यांच्या खांद्यांआड तो दिसेचना. व्हायोलिन वाजवणाऱ्या एझ्राने मला उपडी केलं आणि पायाने त्याच्याकडे ढकललं.

“चढ बाबा यावर. नाहीतर तुझी हाक लोकांच्या गुडघ्यांनाच ऐकू जायची.”

हॉलिस चढला, तो वीस वर्षं काही उतरला नाही.

आमच्याकडे माणसं समोरासमोर दोन रांगा करून नाचतात. कुणी कुठे वळायचं, कुणाचा हात धरायचा, ते नाच सांगणारा मोठ्याने सांगतो. हाक पावलाच्या जराशी आधी यावी लागते. उशीर झाला की माणसं एकमेकांवर आदळतात. हॉलिसची टाच आधी माझ्यावर टकटक करी आणि मग हाक येई. म्हणजे अख्ख्या गावाआधी नाच मला कळे!

त्याचा आवाज काही गोड नव्हता. घोगराच होता. तरी लोक बर्फातून, चिखलातून त्याच्यासाठी येत. बाकावर एकही माणूस एकटा बसलेला असला, तर हॉलिस एझ्राला सूर धरू देत नसे. “मॉडी, पाय दुखतोय हे मला सांगू नकोस, मघाशी केक आणायला धावलीस ते मी पाहिलंय. ऊठ!” आणि मॉडी लाजत उठे. नाच सुरू झाला की हॉलिस सगळं सांगे. दुसऱ्या फेरीला त्यातलं निम्मंच. चौथ्या फेरीला नुसतं एखादं नाव. आणि मग तो गप्पच होई. सभागृहात फक्त सूर आणि पावलं उरत आणि प्रत्येकाला वाटे, हा नाच माझाच आहे. असं गप्प राहणं फार थोड्यांना जमतं, मित्रांनो.

पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. पलीकडच्या टेकडीवर गाई पाळणारी विधवा थेडा कोलबर्न रांगेतून नाचत समोर आली, की हॉलिसची टाच एक ठोका चुके. नाच संपल्यावर थेडा म्हणे, “आज छान सांगितलंस, हॉलिस.” तो म्हणे, “हं. गर्दी होती.” झालं! साऱ्या गावाला जोडीदार मिळवून देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एवढेच शब्द सापडत.

पुढे सभागृहात उंच मंच आला आणि माझी गरज संपली. जिन्याखाली मी सहा वर्षं पडून होते. माझ्यात मेपलच्या पाकाचे रिकामे डबे टाकत. टाचेच्या त्या टकटकीवाचून मला करमेना.

मग एका शरदात सभागृहाचं छप्पर दुरुस्तीसाठी काढलं आणि सुगीचा नाच दुपारी कोठारात ठरला. तिथे मंच कुठला! मला झटकून, पुसून नेलं. हॉलिस चढला. आता त्याचे केस पिकले होते. खाली कुजबुज चालली होती, थेडाने गाई विकल्या, सोमवारी ती बहिणीकडे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओरेगनला निघाली, कायमची. त्याची टाच माझ्यावर गप्प होती.

रांगा लागल्या. थेडा गवताच्या भाऱ्यावर एकटीच राहिली.

“एक पुरुष कमी पडतोय,” हॉलिस म्हणाला.

“कमी कसला?” एझ्रा म्हणाला. “पेटीवर उभा आहे की!”

“मग सांगणार कोण?”

“सव्वीस वर्षं हाच नाच आम्हाला पाजलायस. आता तू गप्प बसलास तरी चालेल. उतर!”

हॉलिस उतरला. थेडा उठून त्याच्यासमोर उभी राहिली. सूर सुरू झाला. सगळे उजवीकडे वळले आणि हॉलिस वळला डावीकडे! थेट पाववाल्या विल्बरच्या पोटावर आदळला. बिचारा इतकी वर्षं लोकांकडे तोंड करून उभा होता, त्यामुळे त्यांची उजवी बाजू त्याच्या डोळ्यांना कायम डावीकडेच दिसत आलेली.

“अरे, याला कुणीतरी नाच सांगा रे!” विल्बर ओरडला. कोठारभर हशा पिकला.

थेडाने त्याचा खांदा धरून त्याला वळवलं. “इकडे, हॉलिस. पायांकडे नको, माझ्याकडे बघ.”

कुणीही हाक दिली नाही, तरी नाच शेवटपर्यंत सुरळीत चालला. मी रिकामी होते आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेट्यांना तुम्ही जपा, न जपा. पण ज्याच्या हाकेवर तुम्ही नाचता, त्यालाही कधीतरी हात धरून खाली आणा.

सूर थांबला. थेडाने हात सोडवून घेतला आणि शाल उचलली. “बरंय तर,” ती म्हणाली. “निघते मी.”

सारं कोठार ऐकत होतं. हॉलिसचा घोगरा आवाज या वेळी फार हळू आला.

“जाऊ नकोस, थेडा. मी सांगत सगळ्यांना होतो, पण बघत तुझ्याकडेच होतो.”