शेपटीवरचं बोंड

मी एका जुन्या विमानाची शेपटी आहे. मित्रांनो, विमानाच्या मागच्या टोकाला जे उभं पातं दिसतं, तीच मी. आतून लाकडाची, वरून ताणून बसवलेल्या कापडाची. विमान कुणाचं, कुठलं, हे लोक आमच्यावरचं चित्र पाहून ओळखतात. मुंबईच्या विमानतळावर माझ्या कितीतरी बहिणी मी पाहिल्या. कुणावर पंखांचा घोडा, कुणावर बगळा, कुणावर उगवता सूर्य. माझ्यावर कापसाचं फुटलेलं बोंड होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. महायुद्ध संपल्यावर अकोल्याच्या वामनरावांनी सहा माणसांचं एक विमान घेऊन लहानशी कंपनी काढली. धावपट्टी गावाबाहेर होती, युद्धाच्या काळात काळी जमीन घेऊन बांधलेली. त्या जमिनीत किसनराव नावाच्या शेतकऱ्याचं वावर गेलं होतं. त्यांची विहीर बुजवून वर मुरूम दाबला होता. आता किसनराव तिथेच राखणदार होते. त्यांची बायको पार्बताबाई मात्र वावर गेल्यापासून त्या बाजूला फिरकली नव्हती. बाजाराला जायचं तरी ती लांबची वाट धरी.

माझ्यावर काय रंगवायचं, यावर वामनराव आणि वैमानिक यांचं जुळेना. एकाला गरुड हवा, दुसऱ्याला सिंह. शेवटी वामनरावांनी जवळ उभ्या असलेल्या किसनरावांना सहज विचारलं.

"बोंड काढा, मालक," ते म्हणाले. "या मातीत तेच होत होतं. अन् फुटलं का तेही उडतेच."

वामनरावांना ते पटलं. रंगाऱ्याने निळ्या रंगावर पांढरंशुभ्र बोंड काढलं. नागपूरला उतरलो की लोक बोट दाखवून म्हणत, वऱ्हाडचं विमान आलं. मी मनातून फुलून जाई. किसनराव रोज सकाळी धोतराच्या सोग्याने माझ्यावरची धूळ पुसत. त्यांनी घरी चित्राचं सांगितलं, तेव्हा पार्बताबाई चुलीपुढून उठून गेली होती.

मग वैशाखातल्या एका दुपारी आभाळ काळवंडलं आणि वावधान सुटलं. विमान खुंट्यांना बांधलेलं होतं, पण माझा दोर तुटला आणि सगळं विमान वाऱ्यावर फिरू लागलं. किसनरावांनी मला दोन्ही हातांनी कवळ्यात धरलं. त्यांचे पाय मातीवरून फरफटत होते. मी कलंडले असते, तर ते माझ्याखालीच सापडले असते.

तेवढ्यात धुळीतून पार्बताबाई धावत आली. घरातून वादळ पाहून ती सरळ शेतातून निघाली होती. खांद्यावर जुन्या मोटेचा जाड नाडा होता, विहिरीतून पाणी ओढायचा दोर. दोघांनी मिळून त्या नाड्याने मला धावपट्टी दाबायच्या दगडी रुळाला बांधलं. वारा पडेपर्यंत ती दोघं मला धरून उभी होती.

"तू काहून आली?" किसनरावांनी विचारलं.

ती पायाखालची जमीन पाहत होती.

"इहीर इथंच होती ना आपली?"

"तू उभी हायेस, तिथंच."

पार्बताबाई खाली बसली. मुरुमावर तळहात ठेवून बराच वेळ बसली. मग मान वर करून तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः भाकर घेऊन आली आणि पंखाच्या सावलीत दोघं जेवली. पुढे रोजच तसं होऊ लागलं.

काही वर्षांनी कंपनी बंद पडली. विमान मोडीत गेलं. मला तेवढं कुणीतरी या टिनाच्या शेडमध्ये टांगून ठेवलं. रंगाचे पोपडे निघाले आहेत. मला बघायला येणारी मुलं माझ्या कापडात बोट खुपसून पाहतात. मित्रांनो, तसं करू नका. एका भोकातून वारा शिरतो आणि कापड पुढे आपोआप फाटत जातं. त्यापेक्षा कुठल्या शेपटीवर चित्र दिसलं, तर ते कुठल्या मातीतलं, कुणी सुचवलं, एवढं विचारा.

किसनराव गेले, पार्बताबाईही गेली. ती दोघं त्या सावलीत बसून कशी जेवत, हे पाहिलेली मी एकटी उरले आहे. म्हणून मला जपा.