मला विष ओतायला लावलं

मी एक जुनी झारी आहे. हदगावच्या शिवप्पा पत्रेवाल्यानं मला तेलाच्या डब्यातून घडवलं आणि तोंडाला इतकी बारीक भोकं पाडली, की पाण्यानं कोवळं रोपही वाकू नये. माझ्या अंगावर त्या डब्यावरचं अर्धं सूर्यफूल अजून आहे. त्याचा मला भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू!

गुणाबाईंनी मला घरी आणलं. अंगणात त्यांची जास्वंद, कढीपत्ता, लिंबू. रोज सकाळी त्या मला हौदात बुडवायच्या आणि झाडांना न्हाऊ घालायच्या. मित्रांनो, खरी गंमत त्यानंतर व्हायची. शिंपी पक्ष्याची जोडी ओल्या जास्वंदीत शिरायची आणि पानांवरच्या थेंबांना अंग घासून अंघोळ करायची.

"माझ्या झारीला लई ओळखतेत बघ," असं गुणाबाई आपल्या सुनेला, दीपमालाला, कौतुकानं सांगायच्या. त्याच भरवशावर शिंपिणीनं जास्वंदीची पानं शिवून घरटं केलं आणि त्यात पिल्लं झाली.

यंदा जास्वंदीवर पांढरी कीड पडली. कळ्या गळू लागल्या, देवाला फूल मिळेना. कापसावर फवारून उरलेली औषधाची बाटली शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपीत, पडून होती. गुणाबाईंनी ती आणली, नाकाला पदर बांधला आणि ते औषध पाण्यात कालवून माझ्या पोटात ओतलं.

दीपमाला धावत आली. "आत्याबाई, पिल्लं हायेत ना त्यात!"

"मी काय पंपानं फवारून राहिले का? झारीनं तर घालून राहिले. झारीनं काय व्हतंय!"

मला ओरडता आलं नाही. त्यांनी मला वाकवलं आणि रोजच्यासारखीच मी अलगद रिकामी झाले.

पानं ओली झाली म्हणजे अंघोळ, एवढंच शिंपिणीला माहीत. ती बिनधास्त आली, न्हाली. फांदीवर तडफडणाऱ्या अळ्या आयत्या सापडल्या, त्या तिनं पिल्लांना भरवल्या. दुपारी ती झाडाखाली पडलेली दिसली. संध्याकाळपर्यंत घरट्यातली चिवचिवही थांबली.

गुणाबाईंनी तिला मातीत पुरलं. रडल्यासुद्धा. "उन्हानं मेली असंल बिचारी," म्हणाल्या. ते मला फार लागलं. विष आहे हे ठाऊक नव्हतं, तर नाकाला पदर कशाला बांधला?

आता जास्वंद भरभरून फुलते, शेजारणी वाखाणतात. एकटा उरलेला शिंपी भिंतीवर येतो आणि मी दिसले की उडून जातो. त्याचा काय दोष?

मित्रांनो, कीड पडली तर साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसा, किडकी फांदी छाटा. त्याआधी पानं उलटून बघा, तिथं कुणाचं घर आहे का. शेतातलं औषध अंगणात आणूच नका.

माझ्या पोटात आता रोज साधं पाणी असतं. तरी सकाळी गुणाबाईंचा हात माझ्या मुठीला लागतो, तेव्हा मला त्या हाताची भीती वाटते.