वांगी रंग, बोटभर काठ

माझी सून अनिता मला काही विचारत नाही, सांगते. त्या दिवशीही वरसेहून आली, चपला काढल्या, पाण्याचा तांब्या तसाच ठेवला आणि पिशवीतून साडी काढून माझ्या मांडीवर टाकली.

"आई, आपल्या अपेक्षाच्या साखरपुड्याला ही नेसायची. आपल्याकडच्या सगळ्या बायकांना सारखीच घेतली आहे. थीम आहे."

साडी उलगडून बघितली. पीच म्हणे. मी त्याला रंग म्हणत नाही. आमच्या जोहे गावात गणपतीची मूर्ती साच्यातून काढली, घासली, पण रंगवली नाही, की तिला कच्ची मूर्ती म्हणतात. ट्रकच्या ट्रक भरून जातात तशा बाहेरगावी. ही साडी नेसून मी तशीच दिसले असते. एकाहत्तर वर्षांची कच्ची मूर्ती.

"माझ्यासारख्या काळ्या बाईला हा नाय गो चालत," मी म्हटलं.

"आई, तुमच्या वयाला असंच शोभतं. आणि मुलाकडची माणसं शिकलेली आहेत. ध्रुवची आजी मुख्याध्यापिका होती. तिथे भडक बरं नाही दिसत."

"भडक वेगळं, गडद वेगळं."

"मला कळतं तेवढं. मी पन्नाशीची झाले आता," अनिता म्हणाली आणि मग चिडून पुढे बोलली, "एक दिस माझं ऐकलात तर काय बिघडणार हाय?"

वरसेला फ्लॅट घेतल्यापासून ती आहे-नाही करून बोलते. रागावली की पुन्हा हाय-नायवर येते. मला तेव्हाच ती बरी वाटते, पण तसं मी तिला कधी सांगितलेलं नाही.

ती गेली. साडी मी घडी करून कपाटात ठेवली, वर डांबराची गोळी टाकली. कसर लागायला नको, दुसऱ्या कुणाला तरी देता येईल.

मी तिसरीपर्यंत शिकले. पण रंगाचं मला कुणी शिकवू नये. छत्तीस वर्षं मी दाजींच्या कारखान्यात मूर्तींचे शेले आणि पीतांबर रंगवले. गिऱ्हाईक मूर्तीला बोट लावायला गेलं की दाजी म्हणायचे, "हात लावू नका, शेला सीताबाईचा हाय." मूर्ती सावळी असली की तिला कुठला शेला द्यायचा, गोरी असली की कुठला, हे मला विचारून ठरायचं. फूटभर मूर्तीला काठ बोटभरच काढायचा. दोन बोटं काढलात तर देव बुटका दिसतो. आणि रंग कधी ट्यूबलाइटखाली बघायचा नाही. दारात न्यायचा, उजेडात अंगाला लावून बघायचा. जे देवाला लागू, ते माणसाला लागू नाही असं थोडंच आहे?

माझा नवरा पुंडलिक मिठागरात होता. दिवसभर पांढरं मीठ आणि त्यावर तळपणारं ऊन. संध्याकाळी डोळे लाल करून यायचा आणि ओटीवर बसून म्हणायचा, "सीता, पांढरं बघून बघून जीव आंबला. तू आपली रंगाचं नेसत जा." म्हणून मी नेसत गेले. अकरा वर्षांपूर्वी तो गेला. तेराव्याला आलेल्या बायकांनी मला फिकट साड्या आणल्या, चार की पाच. मी त्या कारखान्यात नेल्या आणि ब्रश पुसायला लावल्या. गावात बोलणं झालं. झालं तर झालं. ज्याच्यासाठी नेसत होते तो गेला, त्याचे शब्द थोडेच गेले.

पेणला जायला मी दुसऱ्याच दिवशी एसटी धरली.

बाजारातल्या प्रविणच्या दुकानात मी त्याच्या बापाच्या वेळेपासून जाते. प्रविणनं गादीवर बसवलं, चहा सांगितला आणि साड्या टाकायला लागला. राखाडी, मळकट पांढरी, फिकी अबोली.

"आजींसाठी एकदम सोबर," तो म्हणाला.

"प्रविण, माझा फोटो अजून भिंतीवर लागलेला नाय. वरच्या फळीवरच्या काढ."

"वरच्या गडद हायत, आजी."

"मला दिसतंय. डोळे शाबूत हायत माझे."

डोळे शाबूत होते, ते खरं. पण सगळं खरं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका पीतांबराचा काठ ओढताना माझा उजवा हात थरथरला. सोन्याची रेघ मूर्तीच्या गुडघ्यावर गेली. मी पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा गेली. त्या संध्याकाळी दाजींना म्हटलं, गुडघे दुखतात, आता खाली बसवत नाही. सगळ्यांनी मानलं. निकेशनं, माझ्या मुलानं, तेल आणून दिलं गुडघ्याला. मी ते दोन्ही वर्षं गुडघ्याला चोळते आहे. हाताचं कुणाला कळू दिलं नाही. भरलेला कप मी डाव्या हातानं उचलते आणि लोकांना वाटतं, बाई नखऱ्याची आहे. वाटू दे.

प्रविणनं वरच्या काढल्या. मी एकेक घेऊन दुकानाच्या दारात गेले. पदर गळ्याखाली धरायचा आणि आरशात साडीकडे नाही, तोंडाकडे बघायचं. तोंड उजळलं तर रंग आपला. साडीच आधी दिसली तर ती दुकानाची शोभा, आपली नाही. डाळिंबीनं डोळ्यांखालची काळी वर्तुळं वर आली, ठेवून दिली. निळ्यानं ओठ सुकल्यासारखे दिसले. मग वांगी रंगाची आली. ताज्या भरताच्या वांग्याचा रंग, त्याला हळदी काठ, बरोबर बोटभर. गळ्याशी धरली आणि सुरकुत्या होत्या तिथेच राहिल्या, पण तोंड असं दिसलं की या बाईनं सुरकुत्या कमावल्या आहेत.

"ही," मी म्हटलं.

"याच्यातच मोठ्या काठाची हाय, आजी. जास्त रिच दिसते."

"माझी उंची किती? काठ मोठा घेतला तर नुसता काठच चालत येईल."

शिंप्याला बाही कोपरापर्यंत सांगितली. दंडाची कातडी लोंबते, ती लोकांना दाखवायची मला हौस नाही. मान आखूड म्हणून पुढचा गळा जरा उतरता ठेवला, पाठ बंद. फुगे नकोत, लेस नको, लटकन तर मुळीच नको. गळ्यात एक बोरमाळ, बस्स. म्हाताऱ्या बाईनं नटावं, पण दुकान मांडू नये.

साखरपुडा रोह्याला हॉलमध्ये होता. मी आदल्या दिवशीच वरसेला गेले. साडी पिशवीच्या तळाशी, वर चादर. अनितानं विचारलं, "पीच आणलीत ना?" मी म्हटलं, "साडी आणली हाय." खोटं काही बोलले नाही.

सकाळी घरभर पीच पसरलं. अनिताची बहीण पीच, निकेशच्या दोन्ही चुलतबहिणी पीच. मी आतल्या खोलीत गेले, कडी लावली आणि नेसायला घेतलं.

निऱ्या घालायला दोन्ही हात लागतात. डाव्यानं धरायचं, उजव्याच्या बोटांनी मोजून दुमडायचं. चौथ्या निरीला उजवा हात नाचायला लागला. सगळ्या निऱ्या सुटून पायांवर पडल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा पडल्या. घरी मी जुन्या सुती साड्या नेसते, त्या कशाही खोचल्या तरी राहतात. ही नवी, गुळगुळीत, ऐकेना. तिसऱ्यांदा पडल्या तेव्हा मी पलंगावर बसले. बाहेर हसणं चाललं होतं. मला वाटलं, आता दार उघडून म्हणावं, अंगात कसर आहे, मी येत नाही. नातीच्या साखरपुड्याला घरी बसावं, पण बाहेरच्यांसमोर असं बोंगाळ जाऊ नये.

"आई, झालं का? गाडी येईल आता." अनिता.

"येते."

"कडी काढा, पिना आणल्यात."

काढावी लागली. अनिता आत आली आणि वांगी रंग बघून दारातच थांबली.

"हे काय, आई?" आवाज एकदम खाली. "मुद्दाम केलात ना? माझा एक शब्द राखायचा नाय म्हणजे नाय. त्या लोकांसमोर माझी…"

तिथे ती थांबली. माझा उजवा हात मांडीवर होता, तो लपवायचा राहून गेला. तो त्याचा त्याचाच थरथरत होता. अनितानं हाताकडे बघितलं, मग पायांवर पडलेल्या निऱ्यांकडे.

तिनं दार लोटलं, कडी लावली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"तुम्ही गुडघे म्हणाला होतात."

"गुडघे पण दुखतात."

ती हसली नाही. पिना तोंडात धरल्या आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. सात निऱ्या घातल्या. एकेक मोजून, एकसारखी, पट्टीनं ओढल्यासारखी. पायाशी चिमटीत धरून खालून सारख्या केल्या, वर खोचल्या, आतून पिन लावली, बाहेर दिसेल तर शपथ. मी छत्तीस वर्षं हातच बघत आले. हात कसा असतो ते मला कळतं.

"निकेशला सांगू नको," मी म्हटलं.

"नाय सांगत. पण डॉक्टरला दाखवायचं. सोमवारी."

विचारत नाही, सांगते.

ती पदर लावायला उभी राहिली तेव्हा तिचं तोंड माझ्यासमोर आलं. पार्लरवालीनं पाऊण तास घातला होता. पण गळ्याखाली ते पीच, आणि वर तोंड कसं, तर पहिला पांढरा हात मारून वाळायला ठेवलेल्या मूर्तीसारखं. चांगली नाकीडोळी नीटस बाई, चार दिवस तापातून उठल्यासारखी दिसत होती.

"अनिता, गॅलरीत चल."

"कशाला? वेळ नाय."

"चल."

उजेडात उभी केली. तिनं बाजूच्या खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं आणि मान फिरवली.

"मला दिसलंय सकाळीच," ती म्हणाली. "आजारी दिसते मी. पण सगळ्यांना मीच घ्यायला लावलं. आता मीच कशी सोडू? आणि पन्नाशी झाल्यावर फिकंच घालायचं असतं, सगळ्याच म्हणतात."

"मला कुणी नाय म्हटलं."

"तुम्हाला म्हणायची कुणाची टाप आहे?"

ते मात्र खरं होतं.

"तुझी विटकरी कुठाय?" मी विचारलं.

तिला कुठली ते विचारावं लागलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला, नवी सून सुपं पुजते त्या ओवशाला, मी घेतलेली साडी. सत्तावीस वर्षं झाली. एकदा नेसली, मग कधी दिसली नाही. मी समजून होते, कुणाला तरी देऊन टाकली असेल. तिनं कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ती काढली. मलमलच्या कापडात गुंडाळलेली, घड्या बदलून बदलून ठेवलेली. एक धागा विरला नव्हता.

"तेव्हा वाटलं होतं, सासूनं गावठी आणली," अनिता म्हणाली. "टाकवली मात्र नाय."

मी पदर तिच्या गळ्याखाली धरला. माझा हात थरथरत होता, पदरही थरथरत होता. तिनं माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि तो स्थिर धरला. काचेत तिचं तोंड उजळलं. तिलाही दिसलं, कारण तिनं हनुवटी जरा वर केली.

दहा मिनिटांत ती विटकरी नेसून तयार. बहीण ओरडली, "ताई, थीम?" अनिता म्हणाली, "थीम तुमची. आमची वेगळी."

हॉलवर ध्रुवची आजी आनंदीबाई पुढच्या खुर्चीत बसली होती, राखाडी साडीत, पाठ ताठ. तिनं मला वरून खाली बघितलं. मीही तिला बघितलं.

"काठ बारीक घेतलात. फार छान दिसतंय तुम्हाला," ती म्हणाली.

"उंची कमी हाय ना माझी."

ती माझ्याकडे झुकली. "ही माझ्या सुनेनं आणली," स्वतःच्या साडीला बोट लावून हळूच म्हणाली. "वयाला शोभते म्हणून."

"पेणला या एकदा," मी म्हटलं.

अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मग फोटो. फोटोवाल्यानं सगळ्या पीच बायकांना अपेक्षाच्या बाजूला ओळीनं उभं केलं आणि आम्हा दोघींकडे बघून डोकं खाजवलं.

"आजी, तुम्ही आणि या मॅडम जरा मागच्या लायनीत येता का? कलर मॅच होत नाही."

मी वळत होते. माझ्या आधी अनिता बोलली, आणि मुख्याध्यापिकेच्या अख्ख्या घरासमोर बोलली.

"नाय. आई पुढंच राहणार हाय. आणि मी तिच्या बाजूला."

अपेक्षानं मला आपल्या शेजारी ओढून घेतलं. दुसऱ्या बाजूला अनिता. फोटोवाला मागे सरकला, कॅमेरा वर धरला, आणि नेमका तेव्हाच माझा हात वांगी पदराखाली नाचायला लागला. अनितानं खाली बघितलंसुद्धा नाही. पदराच्या आत हात घातला आणि माझा हात मुठीत घेतला, घट्ट. समोरून बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय ही सासू-सुनेची माया.

सत्तावीस वर्षांत मी तिला बरं असं काही बोलले नव्हते. आता बोलावं लागलं. आणि मी हळू बोलत नाही.

"अनिता, हात चांगला हाय तुझा," मी म्हटलं. "डोळा नाय. तो माझ्याकडनं घे, मी हाय तोवर."