न मोजलेले अठ्ठावीस

“अहल्याताई, माझा पेपर चुकून ‘कमजोर’च्या गठ्ठ्यात गेलाय,” डॉक्टर विश्वंभर हसत म्हणाले.

“चुकून नाही, सर. मीच ठेवलाय.”

त्यांचं हसू मावळलं.

बडोद्याच्या एका मेडिकल कॉलेजात अहल्या मुजुमदार सव्वीस वर्षं आकडेवारीचं काम करत होत्या. दुसऱ्यांच्या संशोधनातले हिशेब तपासायचे आणि लेखकांच्या यादीत स्वतःचं नाव शोधायचं नाही, अशी ती नोकरी. या खेपेला शाळांसाठी नियम ठरायचा होता. डोक्यावर आपटून मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात कधी उतरवायचं? समितीने जमवलेल्या एक्केचाळीस शोधनिबंधांपैकी भरवशाचे कोणते, ते अहल्याताईंनी सांगायचं होतं. विश्वंभरांचा निबंध म्हणत होता, तीन दिवसांनी उतरवलं तरी चालतं. आणि समितीचे अध्यक्षही तेच. निवृत्तीनंतर ताईंना ठेवून घ्यायचं की नाही, तेही त्यांच्याच सहीवर.

“ऐंशी खेळाडू घेतलेत, सर. महिन्याने तपासले बावन्नच. उरलेल्या अठ्ठाविसांचा उल्लेखसुद्धा नाही.”

“बरे झाले असतील, म्हणून आले नसतील.”

“किंवा बरे झाले नसतील, म्हणून.”

“सोमवारी बैठक आहे. तोवर विचार करा.”

विचार करण्याऐवजी अहल्याताईंनी त्या अभ्यासाचं जुनं रजिस्टर काढलं आणि फोन लावायला बसल्या. बहुतेक नंबर बंद होते. शेवटी पाणीगेट भागातल्या रखमाबाईंनी उचलला. “माझ्या नयनाबद्दल विचारताय? घरीच या.”

नयना खो-खो खेळायची. खांबावर डोकं आपटलं, चौथ्या दिवशी पुन्हा खेळली आणि मैदानातच कोसळली. दोन वर्षं झाली. दहा मिनिटं वाचलं की अजून डोकं ठणकायचं. कॉलेज कायमचं सुटलं होतं.

“महिन्याने बोलावलं होतं हो,” रखमाबाई म्हणाल्या, “पण रिक्षात बसली की उलट्या. कशी नेणार? ताई, हिचं नाव लिहाच तुमच्या रिपोर्टात.”

अहल्याताई म्हणाल्या, “एकीवरून काही सिद्ध होत नाही, रखमाबाई. बाकीचे सत्तावीस ठणठणीतही असतील. पण ते कोणी पाहिलंच नाही, एवढं मात्र खरं. मी तेवढंच लिहिणार.”

नयना डोळे मिटून ऐकत होती. “तेवढंच लिहा,” ती म्हणाली. “पण मग खोडू नका.”

सोमवारी बैठकीत ताईंनी निबंधांचा तक्ता वाचला. विश्वंभरांच्या निबंधापुढचं ‘कमजोर’ आणि ‘अठ्ठावीस तपासलेच नाहीत’ हेही वाचलं. अठ्ठाविसांचं काय झालं, असं एका सदस्याने अध्यक्षांनाच विचारलं. विश्वंभर कागद चाळून म्हणाले, “माहीत नाही.”

नियम झाला: त्रास पूर्ण थांबल्याशिवाय आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मैदान नाही. अहवालात ताईंचं नाव नव्हतं. निवृत्तीनंतरची मुदतवाढही आली नाही.

जानेवारीत बडोद्याच्या समा भागातल्या मैदानावर शाळांच्या खो-खोचा अंतिम सामना होता. अहल्याताई मुद्दाम गेल्या. एका संघाची कप्तान बाहेर बाकावर बसून होती. दोन दिवसांपूर्वी तिचं डोकं आपटलं होतं.

“सर, मने कंई नथी थतुं! रमवा दो ने!” मला काही होत नाहीये, खेळू द्या, म्हणत ती रडत होती.

“ना बेटा. पहेलां चिठ्ठी,” मास्तर म्हणाले.

संघ एका गुणाने हरला. मुलगी हमसून हमसून रडू लागली. ताई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. तुम्ही कोण, असं तिने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. सगळ्या मुली धुळीने माखून परतत होत्या, आणि हिच्या पायांना मातीचा कणही लागलेला नव्हता.