एसीचा रेनकोट

मुलगा हुझैफा पोरांना घेऊन मस्कतहून येणार, म्हणून महेरुन्निसाने चार दिवसांपूर्वीच मेकॅनिक स्वराजला एसी बघायला सांगितलं होतं. मागच्या वर्षी तो सारखा बंद पडायचा. नातवंडं दोन दिवसांत हॉटेलात गेली होती.

मेन स्विच बंद करून स्वराज गच्चीवर गेला. बाहेरच्या युनिटवर प्लॅस्टिकचं शिवलेलं आवरण होतं.

“खाला, याला रेनकोट कशाला?” त्याने मागोमाग आलेल्या महेरुन्निसाला विचारलं.

“खाऱ्या वाऱ्याने गंजेल ना!”

“अहो, गरम हवा बाहेर कुठून पडणार? चालू असताना झाकायचं नाही.”

त्याने आवरण काढलं, जाळी धुऊन सुकवली आणि एसी लावला. खोली गार झाली.

“पाहुणे कधी येणार?”

तिकिटं रद्द केल्याचा फोन सकाळीच आला होता. तरी स्वराजला ‘येऊ नको’ म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं.

“येतील. मी चहा ठेवते, तू तोवर बघ, मधेच बंद पडतो का.”