एकटीचा व्हिडिओ

रत्नमालानं पुन्हा खिडकीचा पडदा सरकवला. गल्लीत मोटारसायकल वाजली होती. दूधवाला होता. तरी तिनं दाराची कडी पुन्हा तपासली. लेकीला, संस्कृतीला, तिनं आज शाळेत पाठवलंच नव्हतं.

उस्मानपुऱ्यात नळ कोरडे, आणि गल्लीचा टँकर कोपऱ्यावरच्या टॉवरच्या बांधकामावर रिकामा व्हायचा. तिनं त्याचा व्हिडिओ काढला आणि रागाच्या भरात नेटवर टाकला. हंडा धरून उभी असलेली संस्कृती युनिफॉर्मसकट त्यात आली, हे नंतर दिसलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘पोरीची शाळा कळली.’

तिनं त्या कमेंटची तक्रार केली. ॲपच्या कंपनीचं उत्तर आलं, यात आमच्या नियमांचा भंग नाही. तासाभरात दुसरं उत्तर आलं, तुमच्या व्हिडिओविरुद्ध खूप तक्रारी आल्यामुळे तो काढला आहे.

“म्हंजी धमकी ऱ्हायली अन् तूच गेलीस?” मेंढरं विकून करमाडहून लेकाकडं आलेल्या सारजाबाईंनी सुनेला विचारलं. “कोन हाय ह्यो न्याय करनारा पाटील?”

“मशीन ठरवतं म्हणे, आत्याबाई.”

“मग भांडावं कुनाशी?”

तेच तर कळत नव्हतं. संस्कृतीला कापून व्हिडिओ पुन्हा तयार होता, पण बोट पुढं जाईना. नाव पुन्हा रत्नमालाचंच दिसणार.

सारजाबाई चपला शोधू लागल्या. “रानात मेंढरांवर लांडगा आला, की जिला दिसला ती बोंबलायची. मग समद्या पालांतल्या बाया बोंबलायच्या, दिसो न दिसो. एकटीचा आवाज आला तर त्याला कळतं, हितं एकच बाई हाय. चल, घे फोन.”

पहिलंच दार गीताबाईचं. तोच व्हिडिओ तिच्याही फोनवरून टाकायला सांगितलं. “माझ्या फोनवरून नको गं. आमचे हे त्याच बिल्डरकडं कामाला हायेत.”

“मग ऱ्हा तहानलेली,” सारजाबाई फणकारल्या.

पुढच्या दारातली ज्ञानेश्वरी मात्र म्हणाली, “पाठव इकडं. माझं बी नाव कळू दे मेल्यांना.” मग तिची जाऊ. मग समोरची. एकीचा व्हिडिओ संध्याकाळी उडाला, तोवर दुसरीचा आला होता. सगळ्यात शेवटी रत्नमालानं आपल्या फोनवर बोट दाबलं.

सकाळी तिनं संस्कृतीचं दप्तर भरलं. दारात गीताबाई उभी होती, हातात छत्री.

“फोन नाय जमायचा मला,” ती खाली बघत म्हणाली. “पर पोरीला सोडायला येते. चल.”

दोघींनी संस्कृतीला मधे घेतलं. मागं मोटारसायकल वाजली. रत्नमालानं वळून पाहिलं. गीताबाईनंही.